देश, काल, पात्र आणि रात्रीचे अकरा

एखादी गोष्ट ग्राह्य की त्याज्य हे ठरविण्याकरिता आपल्या पूर्वजांनी एकच मोजपट्टी कधी वापरली नाही. देश, काल आणि पात्र ह्या तिहींचा मेळ पाहूनच निर्णय करावा, अशी आपली परंपरा. गीतेत दानाचे सात्त्विकत्व ह्याच तीन गोष्टींवर ठरविले आहे. वैद्यही औषधाची मात्रा सांगताना रोग्याचे वय, ऋतू आणि प्रदेश पाहतो. विषय शृंगाराचा असला म्हणजे तर ह्या विवेकाची गरज अधिकच. पतिपत्नींच्या खोलीतील बोलणे माजघरात शोभत नाही, आणि वैद्यकाच्या ग्रंथातील चित्र बालवर्गाच्या भिंतीवर टांगता येत नाही. परंतु म्हणून ते बोलणे पाप ठरत नाही, की तो ग्रंथ जाळण्याजोगा ठरत नाही.

हा जुना विचार आज पुन्हा काढण्याचे कारण म्हणजे आपल्या घरातील दूरचित्रवाणी. रात्री उशिरा, प्रौढांकरिता म्हणून जे चित्रपट व कार्यक्रम दाखविले जातात, त्यांवर वाहिन्या स्वतःच कात्री चालवितात, शब्द मुके करतात, दृश्ये पुसट करतात, वेळ पुढे ढकलतात. प्रेक्षकांची तक्रार येऊ नये, हा ह्या साऱ्या खटाटोपाचा हेतू. ही व्यवस्था कशी घडली, ती चालते कशी आणि तीत आपल्यासारख्या एकत्र कुटुंबांचा वाटा कोणता, ह्याचा विचार येथे करावयाचा आहे. माझे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. देश, काल व पात्र ह्या तिहींपैकी वाहिनीच्या हाती केवळ काल आहे. उरलेली दोन अंगे घरच्या वडीलधाऱ्यांनीच पुरविली पाहिजेत. ती न पुरविता आपण नुसती तक्रार करीत राहिलो, तर कात्री चालते खरी, पण ती भलत्याच ठिकाणी चालते.

प्रथम कायदा पाहू. केबलद्वारे होणाऱ्या प्रसारणाकरिता संसदेने १९९५ मध्ये एक अधिनियम केला आणि त्याच्या नियमांत ‘कार्यक्रम संहिता’ घालून दिली. सहाव्या नियमात काय दाखवू नये ह्याची यादी आहे. सुरुचीला व सभ्यतेला धक्का देणारे, अश्लील, स्त्रियांची अप्रतिष्ठा करणारे काहीही दाखवू नये, असे तीत सांगितले आहे. मुलांना अयोग्य असे कार्यक्रम, ज्या वेळी मुले सर्वाधिक संख्येने पाहत असतील त्या वेळी दाखवू नयेत, असेही एक कलम आहे. गंमत अशी की, ती वेळ नेमकी कोणती हे त्या कलमात सांगितलेले नाही. घड्याळ लावण्याचे काम नियमकर्त्यांनी दुसऱ्यावर सोपविले, आणि पुढील सगळा वाद ह्या घड्याळाभोवतीच फिरत राहिला.

त्या वादाचा सर्वांत मोठा प्रसंग महाराष्ट्रातच घडला. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील अध्यापिका श्रीमती प्रतिभा नैथानी ह्यांनी २००४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. ‘अ’ प्रमाणपत्राचे, म्हणजे केवळ प्रौढांकरिता मान्य झालेले चित्रपट आणि ज्यांना मुळीच प्रमाणपत्र नाही असे चित्रपट घरोघरी दिसतात, हे त्यांचे गाऱ्हाणे होते. चित्रपटगृहाच्या दारावर वय पाहून प्रवेश देणारा एक मनुष्य तरी उभा असतो. घराच्या दाराशी तसा कोण असणार? हा युक्तिवाद न्यायालयास पटला. डिसेंबर २००५ मध्ये न्यायालयाने सांगितले की, केबलवर ‘यू’ किंवा ‘यूए’ प्रमाणपत्र असलेलेच चित्रपट दाखवावे. ऑगस्ट २००६ मध्ये ह्या आदेशाची अंमलबजावणी करण्याकरिता मुंबईच्या पोलिसांनी केबलच्या नियंत्रणकक्षांत जाऊन यंत्रे ताब्यात घेतली, आणि चित्रपटांच्या कित्येक वाहिन्या काही काळ अंधारात गेल्या.

ह्या प्रसंगातून दोन गोष्टी निष्पन्न झाल्या. एक चांगली: लहान मुलांच्या हिताचा प्रश्न प्रथमच गांभीर्याने घेतला गेला, आणि एका अध्यापिकेच्या चिकाटीने बलाढ्य धंद्यांना वठणीवर आणता येते हे दिसले. दुसरी विचार करण्याजोगी: प्रौढांचा चित्रपट मध्यरात्रीदेखील अखंड दाखविण्याची वाट बंद झाली. तेव्हापासून ‘अ’ प्रमाणपत्राच्या चित्रपटास दूरचित्रवाणीवर यावयाचे असेल, तर काटछाट करून नवे प्रमाणपत्र मिळवावे लागते. सिनेमाच्या कायद्यात २०२३ मध्ये झालेल्या दुरुस्तीने ही रीत आता कायद्यातच लिहिली गेली आहे. म्हणजे चित्रपटांपुरता तरी काल हा विचार संपलाच. दुपारी जे चालेल तेच मध्यरात्री चालेल, असा नियम झाला.

पुढे २००७ मध्ये केंद्र सरकारने आणखी कडक पाऊल उचलले. जगातील भडक जाहिरातींचा एक कार्यक्रम दाखविल्याबद्दल एएक्सएन वाहिनीवर जानेवारीत दोन महिन्यांची बंदी घातली. मार्च महिन्याच्या अखेरीस एफटीव्ही ह्या पोशाखप्रदर्शनाच्या वाहिनीवर तशीच दोन महिन्यांची बंदी आली. एफटीव्हीच्या आक्षेपार्ह कार्यक्रमाच्या नावातच ‘मिडनाइट’ हा शब्द होता. मध्यरात्रीचे नाव घेतल्याने दोष धुऊन निघत नाही, हा धडा वाहिन्यांनी तेव्हा घेतला.

नोव्हेंबर २०१० मध्ये ‘बिग बॉस’ आणि ‘राखी का इन्साफ’ हे कार्यक्रम रात्री अकरा ते पहाटे पाच ह्या वेळातच दाखवावे, असा हुकूम केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने काढला. ‘बिग बॉस’ची वाहिनी मुंबई उच्च न्यायालयात गेली व तिने हुकुमास स्थगिती मिळविली. सरकार हुकूम काढणार, वाहिनी न्यायालयात जाणार, ह्या ओढाताणीचा दोन्ही पक्षांस कंटाळा आला असावा. जून २०११ मध्ये वाहिन्यांच्या संघटनेने स्वतःच एक तक्रार परिषद नेमली. दिल्ली उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश श्री. अजित प्रकाश शहा तिचे पहिले अध्यक्ष झाले. तेरा सभासदांच्या ह्या परिषदेत वाहिन्यांचे प्रतिनिधी असतात, तसेच महिला, बालक इत्यादींच्या हिताकरिता नेमलेल्या राष्ट्रीय आयोगांचे प्रतिनिधी आणि प्रसारणधंद्याबाहेरील प्रतिष्ठित व्यक्तीही असतात.

संघटनेने आपले नियमही ठरविले. कार्यक्रमांचे दोन वर्ग केले: ‘सर्वसाधारण’, जे केव्हाही दाखवावे; आणि ‘मर्यादित’, जे केवळ रात्री अकरा ते पहाटे पाच ह्या वेळात दाखवावे. कायद्याने न सांगितलेली वेळ अशा रीतीने ठरली. ही कल्पना आपल्याच देशाची आहे असे नव्हे. इंग्लंडात रात्री नऊनंतर, तर अमेरिकेत साध्या आकाशवाहिन्यांवर रात्री दहा ते सकाळी सहा ह्या वेळात प्रौढांचा मजकूर चालतो. तिकडचे मूल आठ वाजता निजते. आपल्याकडचे मूल आजोबांच्या मांडीवर डोके ठेवून दहाची मालिका पाहते. आपले घड्याळ एक-दोन तास पुढे असण्याचे हेच कारण असले पाहिजे.

आता वाहिनीच्या कचेरीत हे काम चालते कसे ते पाहू. प्रत्येक मोठ्या वाहिनीत ‘स्टँडर्ड्स अँड प्रॅक्टिसेस’ नावाचा एक विभाग असतो. त्याला ‘सभ्यतेचा मुकादम’ म्हणावयास हरकत नाही. प्रसारणाच्या आधी ह्या विभागातील मंडळी कार्यक्रम पाहतात आणि कोणत्या मिनिटाला, कोणत्या सेकंदाला काय खटकण्याजोगे आहे ते टिपून ठेवतात. मग उपाय ठरतो. सर्वांत सौम्य उपाय म्हणजे पडद्यावर सूचनेची पट्टी लावणे. त्याच्या वरचा म्हणजे शब्द मुका करणे, अथवा त्यावर ‘बीप’ असा ध्वनी घालणे. परभाषेतील चित्रपट असला, तर खाली लिहून येणाऱ्या संवादात सौम्य शब्द घालतात. त्यापुढचा उपाय दृश्य पुसट करण्याचा, त्यापुढचा दृश्य काढून टाकण्याचा, आणि शेवटचा संपूर्ण भाग अकरानंतर ढकलण्याचा. तेथेही काम संपत नाही. तोच भाग दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा दाखवावयाचा असेल, तर त्याची आणखी छाटलेली प्रत लागते. रात्रीच्या कार्यक्रमाची जी झलक दिवसा दाखवितात, तिला दिवसाचेच नियम लागतात. अनेकदा घरातील मंडळींना खटकते ती रात्रीची गोष्ट नसून सायंकाळच्या बातम्यांत मध्येच डोकावणारी ही झलकच असते.

हे सर्व करणारी मंडळी कष्टाळू असतील, सज्जनही असतील. परंतु त्यांच्यापुढे असलेला प्रश्न कोणता, हे ध्यानी घेतले पाहिजे. ‘हे शोभते काय?’ हा तो प्रश्न नव्हे. ‘ह्यावर तक्रार येईल काय?’ हा तो प्रश्न आहे. हे दोन प्रश्न वरवर एकच वाटतात. पण त्यांची उत्तरे पुष्कळदा उलट येतात.

ह्या ठिकाणी आपल्या साहित्यशास्त्राचे साहाय्य घेणे उचित होईल. ‘अश्लील’ शब्दाचा मूळ अर्थच ‘श्री नसलेले’, शोभाहीन, असा आहे. मम्मटाने काव्यप्रकाशात काव्यदोष सांगताना अश्लीलाचे तीन प्रकार केले: लज्जा उत्पन्न करणारे, किळस आणणारे आणि अमंगल सुचविणारे. म्हणजे केवळ शृंगारातच अश्लीलता असते असे त्याने मानले नाही. किळस आणि अमंगळही त्यात आलेच. शिवाय हा दोष विशिष्ट प्रसंगी दोष राहत नाही, उलट गुणही होतो, असे त्यानेच म्हणून ठेवले आहे. आनंदवर्धनाने ध्वन्यालोकात शिवपार्वतींच्या संभोगवर्णनाचा प्रश्न घेतला आहे. जगन्माता व जगत्पिता ह्यांचे तसे वर्णन करणे अनुचितच. परंतु कालिदासाच्या प्रतिभेच्या सामर्थ्याने ते अनौचित्य झाकले जाते, असा त्याचा अभिप्राय. सांगावयाचा मुद्दा असा की, आपल्या आचार्यांनी दोष शब्दात पाहिला नाही. तो शब्द कोण, कोणाला, कशासाठी बोलतो ह्यात पाहिला.

यंत्राच्या कात्रीला हे कळत नाही. तिला शब्द दिसतो, भाव दिसत नाही. समजा, एखाद्या नाटकात अत्याचार सोसलेली स्त्री न्यायाधीशापुढे आपली कहाणी सांगत आहे आणि त्या कहाणीत एक बोचरा शब्द येतो. तो शब्द मुका होईल. आणि त्याच रात्री, त्याआधी दोन तास, सहकुटुंब पाहावयाच्या विनोदी कार्यक्रमात स्त्रीवेष घेतलेल्या पुरुषाच्या अंगविक्षेपांवर, स्थूल बाईच्या देहावर, सुनेच्या माहेरावर हशा पिकेल. तेथे एकही निषिद्ध शब्द नाही; म्हणून तेथे कात्रीही नाही. पहिल्याने मुलाच्या मनात करुणा उपजली असती, दुसऱ्याने उपहासाची सवय लागते. तक्रारीची भीती मात्र पहिल्याचीच.

प्रत्यक्ष घडलेली दोन उदाहरणे देतो. ‘द डर्टी पिक्चर’ हा चित्रपट २०११ मध्ये ‘अ’ प्रमाणपत्र घेऊन प्रदर्शित झाला. त्यातील भूमिकेकरिता विद्या बालन ह्यांना राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला. पुढे ५९ ठिकाणी काटछाट करून त्याने ‘यूए’ प्रमाणपत्र मिळविले, आणि २२ एप्रिल २०१२ रोजी रविवारी दुपारी व रात्री तो सोनी वाहिनीवर दाखविण्याचे ठरले. ऐन वेळी मंत्रालयाने तो रात्री अकरानंतर दाखवावा असे कळविले, आणि वाहिनीने त्या दिवसाचे प्रसारणच रद्द केले. एक शासकीय मंडळ चित्रपट कुटुंबयोग्य ठरविते, दुसरे कार्यालय तो मध्यरात्री योग्य म्हणते आणि तिसरीकडे त्याचा राष्ट्रीय सन्मान होतो. ह्यात सामान्य गृहस्थाने काय बोध घ्यावा? दुपारी मुलांसमवेत तो चित्रपट पाहावा असे माझे म्हणणे नाही. म्हणणे इतकेच की, मोजपट्टी एक असावी आणि ती आधी माहीत असावी.

दुसरे उदाहरण ११ डिसेंबर २०१७ चे. संततिनियमनाच्या साधनांच्या जाहिराती सकाळी सहा ते रात्री दहा ह्या वेळात दाखवू नयेत, असे मंत्रालयाने वाहिन्यांना कळविले. जाहिराती उत्तान होत्या, हे खरे. पण त्या हुकुमाने उत्तान जाहिरात आणि आरोग्याची साधी माहिती ह्यांस एकाच अंधारकोठडीत घातले. थोड्याच दिवसांनी, ज्या जाहिराती उत्तान नाहीत त्यांना हा निर्बंध नाही, असा खुलासा शासनाला करावा लागला. महाराष्ट्राला ही गोष्ट नवी वाटू नये. प्राध्यापक रघुनाथ धोंडो कर्वे ह्यांनी १९२७ ते १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवून ह्याच विषयाचे ज्ञान दिले आणि त्याकरिता खटले सोसले. १९३४ च्या खटल्यात त्यांची वकिली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केली होती. ज्ञान आणि चाळवणूक ह्यांतील भेद न ओळखणारी तक्रार किती जुनी आहे, हे ह्यावरून कळते.

आता थोडे आपल्या जिल्ह्याकडे वळू. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झालेला आमचा गोंदिया जिल्हा धानाचा, राइस मिलांचा आणि तेंदूपत्त्याचा. मराठी, हिंदी, पोवारी, गोंडी, छत्तीसगढी, आणि झाडीबोली तर आहेच, इतक्या भाषा येथे एका बाजारात ऐकू येतात. एका बोलीत सहज उच्चारला जाणारा शब्द दुसऱ्या बोलीच्या घरात कानांवर हात ठेवावयास लावतो. मुंबईच्या कचेरीत बसून शब्दांची यादी करणाऱ्याला हा देशभेद कसा कळावा? बरे, कालाचे म्हणावे, तर अकरा वाजता येथे निजलेलाच असतो कोण? शेतीची वीज रात्रीची असली की शेतकरी बांधीत पाणी सोडण्याकरिता जागा असतो आणि घरची मंडळी त्याच्या वाटेकडे डोळे लावून असतात. हावडा–मुंबई लोहमार्गावरील हे जंक्शन रात्रभर जागे असते; तिरोड्याच्या वीजकेंद्रात रात्रपाळी चालते; आणि दहावी-बारावीची मुले परीक्षेच्या दिवसांत बारापर्यंत पुस्तक धरून बसतात. ज्यांच्याकरिता अकराची वेळ ठरली तीच मुले अकरा वाजता जागी, आणि ज्या प्रौढाकरिता कार्यक्रम राखून ठेवला तो थकून घोरत असतो.

ह्याच मुलखात रात्रीच्या मनोरंजनाची एक जुनी रीतही आहे. धान घरात आले की मंडई भरते, शंकरपट होतात आणि झाडीपट्टीची नाटके लागतात. रात्री उशिरा पडदा वर जातो, तो पहाटेला पडतो. ह्या रंगभूमीवर आयुष्य वेचलेले गडचिरोलीकडील श्री. परशुराम खुणे ह्यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा साऱ्या झाडीपट्टीचा गौरव झाला. दंडार आणि खडी गंमत हे तर येथील आणखी जुने प्रकार. त्यांतले विनोद नेहमीच सोवळे असतात असे कोणी म्हणणार नाही. पण तेथे एक मोठा नियामक बसलेला असतो. नटाच्या समोर गाव असते. पुढे पोरे, एका बाजूस आयाबाया, मागे म्हातारी मंडळी. पाटलाच्या कपाळावरची आठी नटाला दिसते आणि तो वाक्य तेथेच आवरतो. बायका पदर तोंडाला लावून हसल्या, तर त्यास समजते की एवढे चालले. कोणत्या गावात काय चालते हेही त्यास पाठ असते. देश त्याच्या पायाखाली, पात्र त्याच्या डोळ्यांसमोर. वाहिनीला हे दोन्ही नाहीत. काचेच्या पलीकडे कोण बसले आहे हे तिला दिसत नाही. म्हणून ती उरलेला एकच दोर, घड्याळाचा, घट्ट धरून बसते.

मग पात्र कोणते मानावे? समाजातील सर्वांत दुबळे मन डोळ्यांपुढे ठेवून सर्वांना दाखवावयाचे ठरवावे काय? ह्या प्रश्नाचे उत्तर दोन थोर न्यायाधीशांनी दिले आहे आणि दोघांचाही नागपूरशी निकटचा संबंध होता. गोंदिया-भंडारा जेव्हा मध्यप्रांत व वऱ्हाडात होते, तेव्हा नागपूरच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस ह्यांनी एका वृत्तपत्रीय लेखनाच्या खटल्यात म्हटले की, शब्दांचा परिणाम विचारी, खंबीर व धैर्यवान माणसाच्या दृष्टीने मोजावा. डळमळीत मनाच्या माणसाच्या नव्हे. दूरदर्शनवरील ‘तमस’ मालिकेविरुद्ध वाद गेला, तेव्हा १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच कसोटी उचलून धरली. त्याआधी मुंबई उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी ती मालिका स्वतः पाहिली होती, हेही लक्षात ठेवण्याजोगे. दुसरे, नागपूर उच्च न्यायालयाचे एकेकाळचे मुख्य न्यायाधीश महंमद हिदायतुल्ला. सर्वोच्च न्यायालयात असताना १९७० मध्ये ख्वाजा अहमद अब्बास ह्यांच्या खटल्यात त्यांनी चित्रपटांची पूर्वतपासणी वैध ठरविली. पण त्याचबरोबर, सर्वांत असमर्थ व विकृत मनाच्या रक्षणाखातर निरोगी मनाच्या माणसाने काय पाहावे हे ठरू नये, असेही बजाविले. बंधन हवे आणि बंधनास विवेकही हवा, असा हा दुहेरी उपदेश आहे.

तर मग तक्रार करूच नये काय? अवश्य करावी. तक्रार हा नागरिकाचा अधिकार आहे आणि त्याची रीतही आता ठरलेली आहे. जून २०२१ च्या नियमांनुसार तक्रार प्रथम वाहिनीकडेच करावयाची असते. वाहिनीने ती पोहोचल्याचे चोवीस तासांत कळवावे आणि पंधरा दिवसांत निर्णय द्यावा. समाधान न झाल्यास पुढील पंधरा दिवसांत वाहिन्यांच्या स्वनियमन मंडळाकडे जाता येते. त्याने साठ दिवसांत निकाल द्यावयाचा असतो. त्यावर केंद्र शासनाची देखरेख आहे. जिल्ह्याच्या पातळीवरही काही व्यवस्था आहे. कायद्याने जिल्हाधिकाऱ्यास ह्या बाबतीत अधिकार दिले आहेत. शिवाय जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली देखरेख समित्या नेमाव्या आणि त्यांत महिला महाविद्यालयाच्या प्राचार्यांसारखी मंडळी असावी, असे केंद्राने २००५ मध्येच राज्यांना सांगितले होते.

तक्रार करताना चार गोष्टी लिहाव्या: वाहिनीचे नाव, कार्यक्रमाचे नाव, तारीख आणि वेळ. वाहिनीस आपले प्रसारण नव्वद दिवस जपून ठेवावे लागते, त्यामुळे ह्या चार गोष्टी असल्या की खरेखोटे करता येते. पाचवी गोष्ट म्हणजे कारण. ‘संस्कृती बुडाली’ एवढेच लिहिलेल्या पत्राने काही साधत नाही. अशा मोघम पत्रांचा ढीग झाला की वाहिनी घाबरते आणि सरसकट शब्द मुके करू लागते. त्यात बोधप्रद गोष्टीही जातात. उलट, ‘अमुक वेळी, मुले पाहत असताना, अमुक दृश्यात स्त्रीचा उपहास केला आहे व तो अमुक नियमाविरुद्ध आहे’ असे लिहिले, तर नेमके तेच सुधारते. आणखी एक विनंती. गल्लीतील केबलवाल्यावर राग काढू नये. त्याच्या हाती कात्री नसते. वरून येते ते तो खाली सोडतो.

हे सर्व दूरचित्रवाणीचे झाले. पण अकराचे घड्याळ आता आणखी एका बाजूने निकामी होत आहे. मोबाइलवर येणाऱ्या चित्रमालिकांना वेळेचे बंधनच नाही. २०२१ च्या नियमांनी त्यांना सात, तेरा, सोळा वर्षांवरील व केवळ प्रौढांकरिता असे वयोगट लावावयास सांगितले. अत्यंत हीन मजकुराबद्दल मार्च २०२४ मध्ये १८ आणि जुलै २०२५ मध्ये २५ सेवा शासनाने बंद करविल्या. परंतु माजघरातील पडदा सर्वांना दिसत होता. हातातील पडदा एकट्यालाच दिसतो. माजघरात काही वावगे आले, तर आजी खाकरत असे, काका रिमोट उचलीत असत आणि मूल समजून चुकत असे की ह्यात काही मर्यादा आहे. त्या खाकरण्यात एक शिक्षण होते. मोबाइल कोणासाठीही खाकरत नाही.

म्हणून वडीलधाऱ्यांनी आता नुसत्या खाकरण्यावर थांबून भागणार नाही. सेटटॉप बॉक्समध्ये पालकांकरिता कुलूप असते; ते लावण्यास घरातील कोणा नातवाचीच मदत घ्यावी लागेल, पण गुप्त अंक मात्र त्याला सांगू नये! मुलाचे वय वाढेल तसे कुलूप सैल करावे, कारण बारा वर्षांचा आणि अठरा वर्षांचा हे एकच पात्र नव्हे. वयात आलेल्या मुलामुलींशी आईवडिलांनी, आणि लाज वाटत असेल तर आत्याने किंवा मामाने, ह्या विषयावर शांतपणे बोलावे. एखादा गंभीर चित्रपट मोठ्या मुलांसमवेत पाहून नंतर त्यावर चर्चा करावी. ज्या घरात प्रश्न विचारता येतात, तेथील मूल उत्तराकरिता अंधारात जात नाही. आणि विनोदाच्या नावाखाली कोणाच्या देहाची, जातीची, गरिबीची थट्टा चालली असेल, तर ती सायंकाळी सात वाजता चालली असली तरी तीही अश्लीलच समजून बंद करावी. मम्मटाच्या व्याख्येत ती बसते. वाहिनीच्या यादीत बसत नाही, एवढाच फरक.

असो. काल वाहिनीने सांभाळावा, नियम शासनाने सांभाळावा. परंतु आपल्या घरात कोण काय पाहण्यास योग्य झाला आहे, हे मुंबईत किंवा दिल्लीत बसलेला कोणताही सज्जन ठरवू शकत नाही. ते त्या घरानेच ठरवावयाचे आहे, आणि ते रोज, प्रत्येक मुलाकरिता निराळे ठरवावयाचे आहे.